न येणाऱ्याचं पान

कुवेतच्या चौथ्या आणि पाचव्या रिंग रोडच्या मध्ये जाब्रिया वसलं आहे. मुबारक अल-कबीर रुग्णालय इथे, कुवेत विद्यापीठाचं वैद्यकीय संकुल इथे, देशाची मध्यवर्ती रक्तपेढीही इथेच. रुग्णालय आलं की रात्रपाळी आली, आणि रात्रपाळी आली की ऐन वेळी मोडणारे बेत आले. शुक्रवारी संध्याकाळी सालमियात कुणाकडे सत्यनारायण असतो, फाहाहीलला एखाद्या मुलीचा वाढदिवस असतो, आणि दुपारी ड्यूटी बदलल्याचा निरोप येतो. आता यजमानांना कळवायचं काय आणि कसं? गावाकडे असं झालं तर घरातलं दुसरं कुणीतरी हजेरी लावून येतं. सासूबाई जातात, धाकटा दीर जातो, अगदीच कुणी नसलं तर शेजारची मुलगी आहेराचं पाकीट पोचवते. नोकरीसाठी परदेशी आलेल्या चौघांच्या कुटुंबात असा राखीव माणूस नसतो.

म्हणून मराठी समाजातली न येण्याची जुनी रीत इथे नव्याने आठवावी लागते. आपल्याला जाता येत नसेल तर आपल्या जागी काहीतरी गेलं पाहिजे, ही ती रीत. ‘जमणार नाही’ एवढं कळवून मोकळं होणं मराठी घरांना सहसा पुरेसं वाटलेलं नाही. या रीतीची मुळं खूप मागे जातात, आणि गवताच्या काडीपासून तलवारीपर्यंत कितीतरी वस्तू माणसाच्या जागी उभ्या राहिलेल्या त्यात दिसतात.

निमंत्रण स्वीकारून न जाणं हा एके काळी थेट धर्माचा भंग होता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचे नियम आहेत. ब्राह्मणांना आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी बोलावणं करावं, बोलावणं घेतलेल्यांनी तेव्हापासून नेमाने राहावं, कारण निमंत्रित ब्राह्मणांच्या सोबत पितर वावरत असतात, असं तिथे सांगितलं आहे. त्याच्या पुढचा नियम कडक आहे. रीतसर बोलावणं घेऊन जो ते मोडतो, त्याला डुकराचा जन्म येतो. शिक्षा एवढी जबर, कारण खोळंबा एकट्या यजमानाचा नव्हता. एक माणूस आला नाही तर पितरांचाही घास अडला, अशी त्यामागची समजूत होती.

पण माणसं आजारी पडतात, नद्यांना पूर येतात, लहान गावात बोलवायला कुणी मिळत नाही. त्यावरची तोड कर्मकांडातूनच निघाली. दर्भाच्या काड्यांना गाठ मारून एक प्रतिमा करायची, तिला चट म्हणायचं, आणि ब्राह्मणाच्या जागी ती मांडून श्राद्ध करायचं. त्यालाच चटश्राद्ध म्हणतात. पानावर कुणी बसलेलं नसलं तरी पान मांडलं जातं आणि विधी अडत नाही.

माणसाच्या जागी वस्तू पाठवण्याची ही कल्पना लग्नातही शिरली. मराठा राजघराण्यांत आणि सरदार घराण्यांत नवरदेव स्वतः न जाता आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवी आणि वधूचं लग्न त्या खांड्याशी लागे. अशा पत्नीला खांडाराणी म्हणत. तंजावरच्या भोसले घराण्यातही ही प्रथा होती. तिच्यात दर्जाचा हिशेब होता. वधूचं घराणं तोलामोलाचं नसलं की वराने स्वतः जाऊन उभं राहणं कमीपणाचं मानलं जाई. इथे न येण्यामागे अडचण नव्हती. न येणं हाच निरोप होता, आणि तो त्या मुलीला जन्मभर वागवावा लागे.

साध्या घरांनी याच कल्पनेला फार प्रेमळ रूप दिलं. भाऊबीजेला भाऊ येऊ शकला नाही तर बहीण चंद्राला ओवाळते. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसते. तेवढ्यात निरांजन लावून, ताम्हन घेऊन अंगणात नाहीतर गच्चीत जायचं. भाऊ फौजेत असेल, मुंबईच्या गिरणीत असेल, बोटीवर खलाशी असेल. त्याच्या न येण्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नसे. भावाकडूनही काहीतरी यायचंच. भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली आणि ओवाळणीला एक नवं वाहन मिळालं. पोस्टमन पैसे मोजून हातात ठेवायचा आणि फॉर्मच्या तळाच्या छोट्याशा जागेत लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा.

पुढच्या काळात टपालाने या रीतीला खूप हातभार लावला. संक्रांतीला भेटकार्डाबरोबर चिमूटभर हलवा किंवा तिळगुळाची इवलीशी पुडी पाकिटातून जाऊ लागली. दसऱ्याला आपट्याचं पान पत्रात घालून धाडलं जाई. पोचेपर्यंत ते वाळलेलं असे, तरी ते सोनंच. लग्नाला जाता आलं नाही तर तार करायची. तार खात्याकडे शुभेच्छांची ठरावीक वाक्यं असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उतरायचं. लग्न लागल्यावर मांडवात एखादा हौशी काका त्या तारा मोठ्याने वाचून दाखवी, आणि न आलेल्यांची नावं आलेल्यांच्या कानावर पडत. ही सेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. तोवर कितीतरी मराठी लग्नांत गैरहजर नातेवाइकांची हजेरी अशी लागली होती.

बायकांच्या हळदीकुंकवात ही सोय सर्वांत सुबक होती. संक्रांतीचं हळदीकुंकू एकाच दिवशी करायचं बंधन नाही. रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं. चैत्रातलं हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चालतं. एवढ्या दिवसांत प्रत्येकीला कुठला ना कुठला दिवस सोयीचा पडतोच. तरीही एखादी आली नाही तर तिचं वाण बाजूला काढून ठेवतात आणि नंतर घरी पोचवतात. ‘अडचण आहे’ एवढं सांगितलं की पुढे प्रश्न येत नसे. पाळीच्या दिवसांत बाजूला बसावं लागणाऱ्या बायकांना तो एक शब्द आडोसा देत असे. ज्या रूढीमुळे तो आडोसा लागे ती अन्यायाची होती, यात शंका नाही. पण खोदून विचारायचं नाही हा संकेत बायकांनी एकमेकींसाठी जपला होता.

या मऊ भाषेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आज उपास आहे’, ‘पोट ठीक नाही’, ‘बाहेरचं चालत नाही’ अशा सौम्य सबबींआड पिढ्यान्‌पिढ्या जातीची भिंत उभी होती. कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं आणि कुणाच्या घरचं टाळायचं, याचा हिशेब त्या सबबींमध्ये असे. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जे घडलं त्यातून हे लख्ख दिसतं. व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठितांपुढे मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं ठेवली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त या दिवसांबद्दल लिहिलं आहे. समोर आलेला पेला नाकारावा तर यजमानाचा अपमान, स्वीकारावा तर जातीचा रोष, अशा पेचात त्या दिवशी शहाणी माणसं सापडली होती.

मराठी माणसं ही रीत घेऊन ज्या कुवेतमध्ये आली, त्याचं आणि मुंबईचं नातं तेलाच्या आधीचं आहे. कुवेती गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला आणि मलबार किनाऱ्याला येत, परतताना सागवान, मसाले, कापड नेत. कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि तिथल्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. कुवेतमध्ये भारतीय टपाल कचेरी 1915 मध्ये उघडली. 1923 पासून तिथे ‘कुवेत’ असा शिक्का मारलेली भारतीय तिकिटं चालत होती. चलनही रुपयाच होतं. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि 1 एप्रिल 1961 रोजी कुवेतने स्वतःचा दिनार आणला तेव्हा त्याचा भाव 13⅓ रुपये ठरला. त्या आधी इथून कुणी घरी ओवाळणी पाठवली असेल, तर तिचा हिशेब रुपयांतच झाला असणार.

या देशालाही बोलावण्याची आणि न येण्याची स्वतःची शिस्त आहे. लग्नाच्या जेवणाचं बोलावणं स्वीकारावं, असं बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आवर्जून सांगितलं आहे. रोजा असेल तर काय करायचं, त्याचंही उत्तर तिथे आहे. बोलावणं स्वीकारावं, आणि जेवायचं नसेल तर यजमानासाठी दुआ करावी. उपासाच्या दिवशी मराठी पाहुणा येतो, पानावर न बसता फराळ किंवा नुसता चहा घेतो आणि वधूवरांवर अक्षता टाकून निघतो, त्याला हा नियम परका वाटणार नाही. कुराणातल्या ‘अल-कह्फ’ या अठराव्या सुऱ्यात आणखी एक सूचना आहे. ‘मी हे उद्या करीन’ असं म्हणताना अल्लाच्या इच्छेचा उल्लेख सोडू नये. रोजच्या बोलण्यातलं ‘इन्शाल्ला’ या आज्ञेशी जोडलेलं आहे. ते म्हणणारा माणूस यायचं मनापासून ठरवतो आणि उद्याचा दिवस आपल्या हातात नाही हेही त्याच श्वासात मान्य करतो. कुवेतमध्ये बरीच वर्षं काढलेल्या मराठी माणसांच्या तोंडीही हा शब्द सहज येतो.

पण कुवेतची खरी देणगी म्हणजे दिवाणिया. जाब्रियातल्या अनेक बंगल्यांना यासाठी वेगळी खोली आणि वेगळं दार असतं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घरमालक तिथे बसतो. मित्र, नातेवाईक, शेजारी येतात, चहा-कॉफी घेतात, व्यापारापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर बोलतात आणि निघतात. दरवेळी नवं निमंत्रण नसतं, त्यामुळे नकारही नसतो. या आठवड्यात जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात दार उघडंच असतं. सलग बरेच दिवस कुणी दिसला नाही की चौकशी होते, आणि त्या चौकशीत काळजी असते. कुवेतच्या 1962 च्या संविधानातलं 44 वं कलम खासगी बैठकींना परवानगीची किंवा पूर्वसूचनेची गरज नसल्याचं सांगतं. 1989 च्या अखेरीस संसद पुन्हा भरवावी या मागणीची चळवळ दर सोमवारच्या दिवाणियांतूनच उभी राहिली.

मराठी घरांत याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे घरचा गणपती. दर्शनाला कुणालाही येता येतं, केव्हाही येता येतं. आरतीला जमलं नाही तर आरतीनंतर, आज नाही तर उद्या. प्रसाद पाहुण्याची वाट पाहत असतो आणि कुणी कुणाकडे खुलासा मागत नाही. कुवेतमध्ये सार्वजनिक देवळं नसल्याने हिंदूंची पूजाअर्चा घरांतच चालते, त्यामुळे घरच्या गणपतीला इथे आणखी महत्त्व आलं.

तेलाचं पहिलं जहाज कुवेतहून 1946 मध्ये निघालं. पुढच्या दशकांत तेल कंपन्या, बँका, बांधकाम, रुग्णालयं आणि शाळा यांनी भारतातून माणसं बोलावली आणि त्यांत मराठी माणसंही आली. महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, सणांना सभागृह मिळू लागलं. मात्र तिथींचं गणित इथे बदललं. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, आणि बऱ्याच खासगी नोकऱ्यांत फक्त शुक्रवारची. त्यामुळे पाडवा मंगळवारी असो की बुधवारी, कार्यक्रम शुक्रवारी. सप्टेंबर 2007 पासून कुवेतने साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार केली आणि आठवड्याची सगळी वीण पुन्हा बसवावी लागली. एकाच संध्याकाळी दोन-तीन आमंत्रणं येणं ही या आठवड्याचीच देन आहे. सगळीकडे ‘हो’ म्हणणाऱ्याला कुठेतरी माघार घ्यावीच लागते. जाब्रियाहून फाहाहीलला जायचं तर पंचवीस-तीस किलोमीटर, आणि शुक्रवारच्या संध्याकाळी रस्ता भरलेला.

शिवाय जुन्या सबबी इथे लागू पडत नाहीत. ‘अचानक पाहुणे आले’ असं म्हणता येत नाही, कारण व्हिसाशिवाय पाहुणा येतच नाही. एसटी चुकत नाही, लाइट क्वचितच जाते. उरतात त्या खऱ्या अडचणी: ड्यूटीची पाळी, मुलाची परीक्षा, ताप, थकवा, उन्हाळ्यातलं धुळीचं वादळ. 2016 च्या 21 जुलैला कुवेतमधल्या मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा देशात ‘ऊन फार आहे’ हे कारण कुणी हलकं समजत नाही. खरं कारण सांगण्याची सवय परदेशातल्या मराठी घरांना अशी परिस्थितीनेच लावली.

एक कारण मात्र इथेही जसंच्या तसं आलं. ते सुतक. परदेशातल्या माणसाचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार दूर देशी वारलेल्या नातलगाची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसतं स्नान. बातमीला महिने लागत त्या काळाचा तो नियम. आता फोन मिनिटाभरात येतो, पण विमानाचं तिकीट आणि रजा मिळेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेलेले असतात. अशा घरातली माणसं दहा दिवस कुठल्याच कार्याला जात नाहीत आणि त्यांना कुणी आग्रह करत नाही. इथे देण्याची दिशा उलटते. न येणाऱ्याने काही पाठवायचं नसतं. बाकीची घरं त्यांच्याकडे डबा पोचवतात.

1990 मध्ये तर न येण्याचा निरोप द्यायचीही सोय उरली नाही. 2 ऑगस्टला, सुट्टीच्या गुरुवारी, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या वेळी तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. 13 ऑगस्ट ते 11 ऑक्टोबर या काळात अम्मानहून एअर इंडियाच्या 488 फेऱ्यांतून 1 लाख 11 हजारांहून अधिक माणसं मायदेशी आणली गेली. त्या वर्षीची गणेश चतुर्थी ऑगस्टातच, या पळापळीत आली. 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा सगळे बेत एकदम मोडले. 22 मार्चपासून कुवेतमध्ये संध्याकाळी पाच ते पहाटे चारपर्यंत संचारबंदी लागली, आणि मे महिन्यात 10 तारखेपासून काही आठवडे ती पूर्ण दिवसाची झाली. घरोघरी एकट्यानेच गुढ्या उभारल्या गेल्या, आणि एकमेकांची आरती पडद्यावर पाहिली गेली.

त्यानंतरच्या वर्षांत नकार देणं फार सोपं झालं आहे, आणि तीच आता काळजीची गोष्ट आहे. फोनवरच्या गटावर आमंत्रण येतं, चाळीस घरं अंगठा दाखवतात, आणि शुक्रवारी दुपारी त्यातल्या दहा घरांचे ‘सॉरी, नाही जमणार’ असे संदेश एकामागून एक येतात. तोवर श्रीखंडाचा चक्का बांधून झालेला असतो, वाटाणे भिजलेले असतात, पुऱ्यांची कणीक मळलेली असते. यजमानीण आपल्या सुट्टीचा दिवस स्वयंपाकाला देते. तिच्या या कष्टांची दखल फोनवरच्या एका इवल्याशा चित्राने घेतली जात नाही. मनुस्मृतीतली डुकराची शिक्षा आज कुणी मानणार नाही, मानूही नये. पण त्या नियमामागची जाणीव, की आपल्या ‘हो’वर दुसऱ्याचं घर कामाला लागलेलं असतं, ती आजही खरी आहे.

ज्यांना हे कळतं त्यांनी जुनी रीत आपापल्या परीने चालू ठेवली आहे. कुणी बुधवारीच फोन करून आकडा कमी करायला सांगतं. कुणी स्वतः न जाता मुलांना शेजाऱ्यांच्या गाडीतून पाठवतं. कुणी ठरलेला पदार्थ करून दुपारीच पोचवून येतं, कारण पंगतीत आपण नसलो तरी आपण कबूल केलेली कोशिंबीर असली पाहिजे. तिकडे यजमानीणही वाण किंवा प्रसाद बाजूला काढून ठेवते. कळवण्यातही एक क्रम आहे. येत नाही हे आधी, कारण एका वाक्यात आणि खरं, मग आपल्या बदली काय येणार आणि भेटायला कधी येणार. एवढं सगळं वीस-पंचवीस शब्दांत बसतं. तारेला शब्दागणिक पैसे पडत तेव्हा लोकांनी याहून कमी शब्दांत लग्नघराचं समाधान केलं होतं.